तीन जुन्या नौकांपैकी कोणती?

प्रश्न : मी ६३ वर्षांचा असून न्यू जर्सीतील अभियंत्याच्या नोकरीतून निवृत्त झालो आहे. पत्नी ५९ वर्षांची आहे. येत्या वसंतात घर भाड्याने देऊन दोन-तीन वर्षे मोटर यॉटवर राहावे, असा आमचा विचार आहे. पहिल्या वर्षी ‘ग्रेट लूप’ हा पूर्व अमेरिकेभोवतीचा जलमार्गांचा फेरा पूर्ण करायचा, वाटेत शिकागोला मुलीकडे आणि टाम्पाला मुलाकडे थांबायचे, सुट्टीत नातवंडांना बोटीवर आणायचे आणि दुसरा हिवाळा बहामा बेटांत काढायचा, असे ठरवले आहे. जमल्यास पुढे कधीतरी अटलांटिकमधील अझोर्स बेटांमार्गे युरोपही गाठायचा आहे. लहानपण रत्नागिरीत गेल्याने मला समुद्राची भीती वाटत नाही. पत्नीला मात्र बोट लागते. तीन नौका निवडून ठेवल्या आहेत : १९८२ ची ग्रँड बँक्स ४२ (दोन फोर्ड लेहमन इंजिने, मागणी १ लाख १८ हजार डॉलर, चेसापीक उपसागरात उभी); १९९६ ची नॉर्डहॅवन ४६ (एक मुख्य इंजिन, २ लाख ९५ हजार डॉलर, फ्लोरिडात); आणि १९९९ ची बेलायनर ४७८८ (दोन टर्बो डिझेल इंजिने, १ लाख ४५ हजार डॉलर, न्यू जर्सीत). एकूण तरतूद ३ लाख २५ हजार डॉलरची आहे. मी अमेरिकी नागरिक आहे, पत्नीकडे ग्रीन कार्ड आहे. मन नॉर्डहॅवनकडे ओढ घेते. आपण काय सुचवाल?

उत्तर : महोदय, आपल्या पत्रात अझोर्सचा उल्लेख एकाच वाक्यात आला आहे आणि त्याच्याही आधी ‘जमल्यास’ आहे, लूप, बहामा, मुले आणि नातवंडे यांनी मात्र उरलेले पत्र व्यापले आहे. असे असताना आपले मन ज्या नौकेकडे ओढ घेते, ती नेमकी त्या एका वाक्यासाठी बांधलेली आहे. माझे मत आधीच सांगून टाकतो. ग्रँड बँक्स तपासणीत खरी उतरली तर ती घ्यावी. न उतरल्यास तिच्याच जातीची दुसरी नौका शोधावी. नॉर्डहॅवन निदान या टप्प्यावर घेऊ नये. हे मत नॉर्डहॅवनच्या गुणांबद्दल शंका असल्यामुळे बनलेले नाही, हे पुढील विवेचनावरून आपल्या लक्षात येईल.

लांब पल्ल्याचा जलप्रवास दोन अगदी वेगळ्या प्रकारचा असतो आणि जुनी नौका निवडताना बहुतेकांची गफलत इथेच होते. ग्रेट लूप सुमारे ६,००० मैलांचा आहे. अटलांटिक किनाऱ्याच्या आतल्या जलमार्गाने उत्तरेकडे, हडसन नदी आणि ईरी कालव्यातून पंचमहासरोवरांत, शिकागोहून इलिनॉय व मिसिसिपी नद्यांनी खाली, मग ओहायो आणि टेनेसी नद्यांतून टेनेसी-टॉम्बिग्बी जलमार्गाने मोबिलपर्यंत आणि तेथून फ्लोरिडाला वळसा, असा तो साधारण वर्षभराचा फेरा असतो. परंतु या संपूर्ण फेऱ्यात जवळजवळ प्रत्येक संध्याकाळी आपण धक्क्याला तरी लागलेले असता किंवा नांगर तरी टाकलेला असतो. उघड्या पाण्याचा सर्वांत मोठा टप्पा म्हणजे मेक्सिकोच्या आखाताचा कोपरा, कॅराबेलपासून टार्पन स्प्रिंग्जपर्यंतचे सुमारे १७० मैल, आणि तोही हवामान पाहून एका रात्रीत पार होतो. याउलट २००४ मध्ये नॉर्डहॅवनच्या बांधकाम कंपनीने १८ मोटर नौकांचा ताफा फोर्ट लॉडरडेलहून बर्म्युडा आणि अझोर्समधील ओर्ता बंदरामार्गे जिब्राल्टरला नेला, त्यातील बर्म्युडा ते ओर्ता हा एकच टप्पा सुमारे १,८०० सागरी मैलांचा होता. साडेसहा नॉटने (नॉट म्हणजे ताशी एक सागरी मैल) तो साडेअकरा दिवसांचा होतो, आणि त्या काळात थांबायला जागा नसते, इंधन मिळत नाही आणि वादळाला बगल द्यायची तर वेगही नसतो. या दुसऱ्या प्रकारच्या प्रवासासाठी जी किंमत मोजावी लागते ती केवळ डॉलरमध्ये नसते. नौकेचा तळ खोल होतो, उंची वाढते, वजन वाढते, आणि हेच सर्व गुण पहिल्या प्रकारच्या प्रवासात अडचण ठरतात.

त्यातील उंची आणि खोली या दोन बाबी आधी पाहू, कारण त्यांच्याशी तडजोड करता येत नाही. शिकागोच्या दक्षिणेला सॅनिटरी अँड शिप कालव्यावर मैल ३००.६ येथे एक स्थिर रेल्वे पूल आहे, त्याखाली १९.६ फुटांची मोकळीक आहे आणि लूप करणाऱ्या कोणत्याही नौकेला तो टाळता येत नाही. शिकागो शहराच्या मध्यातून जायचे असेल तर ही मर्यादा १७ फुटांवर येते, अन्यथा कॅल्युमेट नदीच्या बाजूने जावे लागते. ईरी कालव्याच्या पूर्वेकडील भागात आणि ओस्वेगो कालव्यात सुमारे २१ फूट मोकळीक मिळते, पण पश्चिमेला बफेलोकडे ती साडेपंधरा फुटांवर उतरते. ग्रँड बँक्स ४२ चा मस्तूल बिजागरीवर मागे लवतो आणि मग ती यांतून अडथळ्याविना जाते. नॉर्डहॅवन ४६ चे चालकगृह उंच आहे, तिच्या कोरड्या एक्झॉस्टचा (धुराचा) नळ मस्तुलालगत वर चढतो आणि नौकेचे झुलणे कमी करणारे पॅराव्हेन असल्यास त्यांच्या दांड्याही वर असतात. मस्तूल आणि नळ उतरवल्यावर उरणारी उंची टेपने मोजल्याशिवाय विक्रेत्याच्या शब्दावर विसंबू नये. तिचा तळ ५ फूट पाण्यात बुडतो, आणि इंधन, पाणी व वर्षभराचे सामान भरल्यावर त्याहून थोडा अधिकच. आतल्या जलमार्गात गाळ साचलेले उथळ भाग दरवर्षी नव्याने तयार होतात, कॅनडातील ट्रेंट-सेव्हर्न जलमार्गात ५ फुटांच्या पुढे अडचण सुरू होते, आणि बहामाच्या उथळ पठारांवर एका फुटाच्या फरकाने कितीतरी आसऱ्याच्या जागा बंद होतात. ग्रँड बँक्सचा तळ सव्वाचार फुटांच्या आत आहे. हा पाऊण-एक फूट कागदावर क्षुल्लक दिसतो, पण ओहोटीच्या वेळी वाळूवर बसलेल्या नौकेत रात्र काढणाऱ्याला तो तसा वाटत नाही.

आता इंधनाचा हिशेब. पाणी बाजूला सारत चालणाऱ्या नौकेच्या वेगाला एक नैसर्गिक मर्यादा असते : पाण्याच्या रेषेवरील लांबी फुटांत घेऊन तिचे वर्गमूळ काढावे आणि त्याला १.३४ ने गुणावे. नॉर्डहॅवन ४६ ची ही लांबी ३८ फुटांहून थोडी जास्त आहे, म्हणून मर्यादा सव्वाआठ नॉटच्या आसपास येते. मात्र त्या मर्यादेजवळ जाताना लागणारी शक्ती इतक्या झपाट्याने वाढते की लांबच्या टप्प्यावर सगळे जण साडेसहा-सात नॉटवरच चालतात. तिच्या टाक्यांत सुमारे १,००० गॅलन डिझेल मावते. साडेसहा नॉटला तासाला अडीच गॅलनच्या आत खर्च धरला आणि दहा टक्के राखीव ठेवले, तरी २,३०० हून अधिक सागरी मैल सहज मिळतात, म्हणजे बर्म्युडा-ओर्ता टप्पा पुरेशा फरकाने पार होतो. ग्रँड बँक्समध्ये ६०० गॅलन मावतात. दोन्ही इंजिने मिळून सात नॉटला तासाला तीन गॅलन धरल्यास आणि तेवढेच टक्के राखीव ठेवल्यास १,२६० मैल. तीच नौका आठ नॉटने हाकली आणि खर्च पाच गॅलनवर गेला तर पल्ला ८६० मैलांवर घसरतो. एका नॉटसाठी ४०० मैल गमावण्यात अर्थ नाही, हे खरे. परंतु लूपवर इंधनाची सर्वांत विरळ सोय सेंट लुईसपासून पडुकापर्यंतच्या सुमारे सव्वादोनशे मैलांत आहे आणि तिथेही ग्रँड बँक्सची टाकी अर्ध्यावर येणार नाही. ज्या क्षमतेची गरज पडणार नाही तिच्यासाठी पावणेदोन लाख डॉलर अधिक मोजणे मला पटत नाही.

बेलायनरविषयी थोडक्यात सांगतो. ती वेगवान आहे, आत प्रशस्त आहे आणि शनिवार-रविवारच्या सहलींसाठी उत्तम आहे. पण १४ नॉटने ती तासाला २५ गॅलनच्या घरात डिझेल पिते आणि तिच्या टाक्या ४४४ गॅलनच्या आहेत. संपूर्ण लूप त्या वेगाने केला असे मानले, तर नऊ हजारांहून अधिक गॅलन लागतील. ग्रँड बँक्सला साडेसात नॉटने सुमारे २,८०० पुरतील. बेलायनरही सावकाश चालवता येते, असे विक्रेता म्हणेल आणि ते खरे आहे. मात्र मग वेगासाठी बांधलेली, टर्बो असलेली मोठी इंजिने वर्षभर हलक्या भाराखाली फिरत राहतील, त्यांना अधूनमधून जोराने चालवून काजळी झाडावी लागेल, आणि ज्यासाठी पैसे मोजले तो वेग वापरलाच जाणार नाही. तिला यादीतून काढावे.

आपल्या पत्नीला बोट लागते ही बाब आपण एका वाक्यात उरकली आहे; मी तिला पहिल्या क्रमांकावर ठेवेन, कारण अशा योजना इंजिनामुळे मोडण्यापेक्षा जोडीदाराच्या हालांमुळे जास्त मोडतात. नॉर्डहॅवनसारखी गोल तळाची जड नौका बाजूच्या लाटेवर संथ पण खोलवर झुलते. ग्रँड बँक्सच्या तळाला धारदार कोन असल्याने तिचे झुलणे कमी खोल पण झटक्याचे असते. कोणाला कोणते झुलणे सोसते हे त्या व्यक्तीच्या अंगावरच कळते. नॉर्डहॅवनवर बहुधा हायड्रॉलिकवर हलणारे पंख (स्टॅबिलायझर) किंवा दांड्यांवरून पाण्यात सोडायचे पॅराव्हेन बसवलेले असतात आणि त्यांचा गुण मोठा आहे. ग्रँड बँक्सवर नसतील तर पंख नंतरही बसवता येतात, पण तो पाच आकडी खर्च आहे आणि पहिल्या वर्षी तो करू नये. लूपचा बहुतांश भाग नद्या, कालवे आणि आडोशाच्या पाण्यातून जातो. उघड्या पाण्याचे जे मोजके टप्पे आहेत, तेथे तारखेला बांधून घेतले नाही तर शांत दिवस मिळतोच. बहामाला जाताना गल्फ स्ट्रीम ओलांडायचा असतो. अंतर पन्नास मैलांच्या आसपासच आहे, पण उत्तरेकडून वारा असेल तर प्रवाहाविरुद्ध उठणाऱ्या उभ्या लाटा कोणत्याही स्टॅबिलायझरला जुमानत नाहीत. दक्षिणेचा हलका वारा येईपर्यंत थांबणे हाच तिथला उपाय आहे, आणि नातवंडांच्या विमानाची तिकिटे आधीच काढलेली असली की हाच उपाय हातचा जातो. पैसे देण्यापूर्वी दोघांनी आठवडाभर ट्रॉलर, म्हणजे ग्रँड बँक्ससारखी संथ चालणारी नौका, भाड्याने घेऊन राहून पाहावे. वॉशिंग्टन राज्यात अ‍ॅनाकोर्टेस आणि बेलिंगहॅम येथे ग्रँड बँक्स नौका अशा भाड्याने मिळतात. त्या आठवड्याचा खर्च खरेदीच्या रकमेपुढे नगण्य आहे, आणि पत्नीचे उत्तर नकारार्थी आले तर हे सगळे पत्र बाजूला ठेवता येईल.

आता ग्रँड बँक्सच्या दुखण्यांकडे वळू, कारण माझा होकार सशर्त आहे आणि शर्ती याच आहेत. या नौका १९७३ पर्यंत लाकडी बांधल्या जात. आपली १९८२ ची असल्याने फायबरग्लासची आहे, म्हणून तळाच्या लाकडाची काळजी नाही. चिंता आहे ती डेकची आणि इंधनाच्या टाक्यांची, आणि ही दोन दुखणी एकमेकांशी जोडलेली आहेत. डेकवर सागवानी फळ्या बसवलेल्या असून त्या हजारो स्क्रूंनी खालच्या फायबरग्लासच्या थरात घट्ट केलेल्या असतात. प्रत्येक स्क्रूवर सागवानाची छोटी खुंटी ठोकलेली असते. वर्षानुवर्षे घासून फळ्या पातळ झाल्या की खुंट्या उडतात, सांध्यांतील रबर सुटते आणि पाणी स्क्रूच्या भोकातून डेकच्या दोन थरांमधील गाभ्यात उतरते. तिथे ते बाहेर पडायला वाट नसल्याने वर्षानुवर्षे मुरते, गाभा कुजतो आणि डेक पायाखाली मऊ लागू लागते. तेच पाणी इंधन भरण्याच्या तोंडांभोवतीच्या फटींतून खाली टपकून टाक्यांच्या माथ्यावर साचते. त्या काळच्या टाक्या साध्या पोलादाच्या आहेत, इंजिनांच्या दोन्ही बाजूंना ३०० गॅलनची एकेक, आणि त्या बाहेरून, वरून खाली गंजत येतात. आत डिझेल असलेला भाग बहुधा शाबूत असतो; माथा मात्र खवलेखवले झालेला सापडतो. टाकी बदलायची तर इंजिन उचलावे लागते, नाही तर जुनी टाकी जागेवरच कापून तुकड्यांनी बाहेर काढावी लागते आणि तिच्या जागी दोन-तीन लहान टाक्या बसवाव्या लागतात. हा खर्चही पाच आकड्यांत जातो.

म्हणून विक्रेत्याला पहिला प्रश्न इंजिनाचे तास किती झाले हा विचारू नये, तर टाक्या बदलल्या आहेत का, कधी बदलल्या, आणि त्याची पावती दाखवता का, हा विचारावा. पूर्वीच्या एखाद्या मालकाने सागवान काढून टाकून डेक नव्याने फायबरग्लासने झाकलेली असेल, तर देखणेपण थोडे गेले तरी आपल्या दृष्टीने ती अधिक मोलाची नौका आहे. चमकदार वॉर्निशला भुलू नये. ते महिन्याभरात करता येते, टाक्या तितक्या सहज बदलता येत नाहीत.

इंजिनांविषयी मला त्या मानाने कमी चिंता आहे. फोर्ड लेहमन १२० हे ब्रिटिश फोर्डच्या डिझेलवर बेतलेले, सहा सिलिंडरचे, ६.२ लिटरचे, टर्बो नसलेले साधे इंजिन आहे. नीट राखले तर हजारो तास चालते आणि त्याचे सुटे भाग अजूनही मिळतात. आपल्यासारख्या अभियंत्याला त्याची बरीच कामे स्वतःच करता येतील. त्याच्या सिम्स इंधनपंपाला स्वतंत्र तेल लागते आणि ते दर ५० तासांनी बदलायचे असते. ही बाब निष्काळजी मालक हमखास विसरतो. त्यामुळे देखभालीच्या वहीत या तेलाच्या नोंदी दिसल्या तर बाकीच्या नोंदींवरही विश्वास ठेवायला हरकत नाही. वही नसेल तर भावात तसा उतार मागावा. तेल थंड करणाऱ्या कूलरची आणि उष्णता-विनिमयकाची अवस्था, गिअरबॉक्स आणि इंजिनाच्या मधल्या डॅम्पर प्लेटचा आवाज, एक्झॉस्टचा कोपरा आतून किती खाल्ला आहे, हे इंजिन तपासनीस पाहीलच.

या ठिकाणी नॉर्डहॅवनच्या बाजूने एक गोष्ट सांगणे न्याय्य ठरेल. तिचे इंजिन तळाच्या नळ्यांतून थंड होते आणि एक्झॉस्ट कोरडा वर जातो, म्हणजे समुद्राचे पाणी इंजिनाच्या जवळपास फिरकत नाही, आणि ग्रँड बँक्सच्या बऱ्याच दुरुस्त्यांचे मूळ याच पाण्यात असते. नौका ढकलणारा मुख्य पंखा जड कीलच्या (तळाच्या कण्याच्या) आड सुरक्षित असतो आणि ते इंजिन बंद पडलेच तर स्वतःचा दांडा असलेले लहान राखीव इंजिन बहुधा दिलेले असते. समुद्र ओलांडणाऱ्यासाठी हे सगळे सोने आहे. लूपवर मात्र मार्गानुसार शंभराच्या आसपास जलपाशांतून (नौका वर-खाली नेणाऱ्या लॉकमधून) जावे लागते, तेव्हा दोन इंजिनांमुळे जागच्या जागी वळणारी आणि दोन्ही बाजूंनी रुंद चालमार्ग असलेली ग्रँड बँक्स दोघांनाच हाताळायला सोपी जाते. एकाला सुकाणू सोडून बाजूच्या दारातून दोन पावलांत दोरापर्यंत पोचता येते.

तपासणीसाठी सर्व्हेयर आपला आपण शोधावा. दलालाने सुचवलेला घेऊ नये, मग तो कितीही सज्जन असो. सोसायटी ऑफ अ‍ॅक्रेडिटेड मरीन सर्व्हेयर्स किंवा नॅशनल असोसिएशन ऑफ मरीन सर्व्हेयर्स यांच्या मान्यताप्राप्त यादीतील, आणि त्यातही या जातीच्या नौका अनेकदा पाहिलेला माणूस घ्यावा. नौका पाण्याबाहेर काढून तळ पाहिला पाहिजे, डेकवर हातोडीने ठोकून आवाज ऐकला पाहिजे, कांस्याच्या झडपा खरवडून त्यांचा रंग गुलाबी पडला आहे का हे पाहिले पाहिजे. इंजिनांसाठी वेगळा तपासनीस हवा. चाचणीच्या दिवशी आपण लवकर जावे आणि इंजिनाला हात लावून पाहावा. ते आधीच कोमट असेल तर थंड इंजिन सुरू होताना किती धूर सोडते हे आपल्यापासून लपवले गेले आहे असे समजावे. काही मिनिटे पूर्ण थ्रॉटल देऊन इंजिन आपल्या निर्धारित २,५०० फेऱ्यांपर्यंत पोचते का हे पाहणे अत्यावश्यक आहे. दोन्ही इंजिनांच्या आणि गिअरबॉक्सच्या तेलाचे नमुने प्रयोगशाळेत पाठवावेत. त्यात सोडियम सापडले तर समुद्राचे पाणी आत शिरते आहे, ग्लायकॉल सापडले तर शीतक गळते आहे. तपासणीच्या दिवशी स्वतः हजर राहावे. छापील अहवालात जे येत नाही ते सर्व्हेयर तोंडी सांगतो.

पैशांच्या बाबतीत माझा आग्रह असा की एकूण तरतुदीचा निम्म्याहून कमी भाग खरेदीवर जावा. जुन्या नौकेच्या देखभालीला दरवर्षी किमतीच्या सुमारे दहा टक्के धरण्याचा ठोकताळा रूढ आहे. पण स्वस्तात घेतलेल्या जुन्या नौकेला तो अपुरा पडतो, कारण पंप आणि बॅटरी यांना आपण किती स्वस्तात नौका घेतली हे ठाऊक नसते. नॉर्डहॅवन मागितलेल्या भावाला घेतली तर आपल्याकडे ३० हजार डॉलर उरतील, आणि तेवढ्यात विमा, धक्क्याचे भाडे आणि पहिल्या वर्षीच्या दुरुस्त्या बसणार नाहीत. ग्रँड बँक्सवर टाक्यांचे काम करावे लागले आणि नंतर पंखही बसवावेसे वाटले, तरी हाताशी पुरेशी रक्कम राहते.

विम्याची चौकशी मात्र देकार देण्यापूर्वी करावी, नंतर नव्हे. चाळीस वर्षांहून जुन्या नौकेचा आणि एवढी मोठी नौका पूर्वी न हाकलेल्या मालकाचा विमा उतरवायला अनेक कंपन्या कुरकुरतात. ताजा सर्व्हे मागतात आणि त्यातील सूचना पूर्ण केल्याचा पुरावाही मागतात. शिवाय १ जून ते ३० नोव्हेंबर या चक्रीवादळांच्या मोसमात नौका अमुक अक्षांशाच्या दक्षिणेला असू नये, अशी अट बहुधा असते. आपल्याकडे कोकणात नारळी पौर्णिमेआधी होडी दर्यात न घालण्याचा रिवाज पाळतात, तसाच हा प्रकार आहे, फरक इतकाच की इथे ते लिहून घेतात आणि मोडल्यास भरपाई देत नाहीत. मिसिसिपीतून खाली आलेल्या नौका शरद ऋतूत टेनेसी नदीवर रेंगाळतात, त्यामागे बऱ्याचदा विम्यातील हीच तारीख असते.

मालकीच्या कागदांबाबत एक मुद्दा आपल्या परिस्थितीला थेट लागू आहे. अमेरिकी तटरक्षक दलाकडे नौकेची केंद्रीय नोंदणी केवळ अमेरिकी नागरिकांच्या मालकीच्या नौकेलाच मिळते. पत्नीकडे ग्रीन कार्ड असल्याने दोघांच्या नावे घेतलेली नौका तिथे नोंदता येणार नाही. ती राज्याकडे नोंदवावी लागेल किंवा एकट्या आपल्या नावावर घ्यावी लागेल. बहामासारख्या परदेशी बंदरांत केंद्रीय नोंदणीचा कागद सोयीचा पडतो, तर संयुक्त मालकीचे वारसाहक्काच्या दृष्टीने वेगळे फायदे आहेत, म्हणून हा निर्णय मृत्युपत्र करणाऱ्या वकिलासमोर बसून करावा. नौका आधीपासून केंद्रीय नोंदणीत असेल तर तिच्या मालकी-इतिहासाचा उतारा मागवून घ्यावा, कारण एखाद्या दुरुस्ती-यार्डाचे थकलेले बिल नौकेबरोबर नव्या मालकाकडे येऊ शकते.

अझोर्सचे काय, असे आपण विचाराल. दोन वर्षांनंतरही ती इच्छा तितकीच तीव्र असेल, तर तेव्हा आपल्याला लाटांचा, इंजिनखोलीचा आणि एकमेकांच्या रात्रपाळीचा अनुभव असेल, आणि ग्रँड बँक्स विकून नॉर्डहॅवन घेताना कोणते प्रश्न विचारायचे हे आपणच मला सांगू शकाल. युरोप पाहायचा आहे, पण समुद्र ओलांडण्याचाच हट्ट नाही, असे लक्षात आले तर नौका मालवाहू जहाजावर चढवून पाठवणाऱ्या सेवा आहेत. ग्रँड बँक्सने अटलांटिक ओलांडण्याचा विचार मात्र करू नये. तिच्या टाक्या पुरणार नाहीत आणि तिच्या मोठ्या काचा त्या लाटांसाठी नाहीत.

वेळापत्रकाकडे आता लगेच पाहावे लागेल. तपासणी नोव्हेंबरपूर्वी झाली पाहिजे, कारण कडाक्याच्या थंडीत डेकच्या गाभ्यातले पाणी गोठले की आर्द्रतामापक ते कोरडे दाखवतो, आणि हिवाळ्यासाठी बंद केलेल्या इंजिनांची चाचणीही घेता येत नाही. देकार देताना साधारण दहा टक्के अनामत दलालाच्या विश्वस्त खात्यात ठेवावी लागते. करारात सर्व्हे आणि जलचाचणी समाधानकारक होण्याची अट असावी आणि नकार कळवण्याची तारीख स्पष्ट लिहिलेली असावी, म्हणजे टाक्या गंजलेल्या निघाल्यास आपल्याला भाव पाडता येईल किंवा पैसे घेऊन बाहेर पडता येईल. व्यवहार पूर्ण झाल्यास टाक्यांचे किंवा डेकचे काम चेसापीकमधल्याच एखाद्या यार्डात हिवाळ्यात उरकता येईल. ईरी कालवा साधारण मेच्या मध्यावर उघडतो, म्हणून एप्रिलच्या अखेरीस चेसापीकमधून निघून न्यूयॉर्क गाठणे घाईचे होणार नाही. निघण्यापूर्वीचे दोन आठवडे परवानाधारक प्रशिक्षक कप्तान सोबत घ्यावा. विमा कंपनीही बहुधा तेच मागेल. नौका धक्क्याला लावणे, दोन इंजिनांवर वळवणे आणि रेडिओवर बोलणे हे त्याने केवळ आपल्याला शिकवून भागणार नाही. निम्मा वेळ सुकाणू पत्नीच्या हातात असावा, असे त्याच्याशी सुरुवातीलाच ठरवून घ्यावे.